जँगो २.२ वरून ४.२ : सिग्नल्सपुरता अनुभव

मार्केट यार्डातल्या अडत्यांसाठी आम्ही पट्टीचं, म्हणजे शेतमाल विक्रीच्या हिशेबाचं, सॉफ्टवेअर चालवतो. ते जँगो या पायथन भाषेतल्या वेब फ्रेमवर्कवर उभं आहे. पट्टी पक्की झाली की सिग्नल (काहीतरी घडल्याची कोडमधली सूचना) सुटतो, त्यावर हमाली-तोलाईच्या नोंदी पडतात आणि शेतकऱ्याला एसएमएस जातो. पहाटे आवक सुरू झाल्यावर हे अडकलं तर गाळ्यावर गोंधळ ठरलेला. म्हणून अपग्रेड करताना माझं सगळं लक्ष सिग्नल्सवर होतं.

यातला मोठा बदल म्हणजे प्रोव्हायडिंग आर्ग्ज गेलं. सिग्नलसोबत काय येणार ते तिथे नुसतं लिहून ठेवायचं, तपासत कुणीच नव्हतं. काढलं ते बरंच झालं. पण मला खरी आवडली ती काढण्याची रीत. ऑगस्ट २०२० च्या ३.१ मध्ये वॉर्निंग, डिसेंबर २०२१ च्या ४.० मध्ये गच्छंती, आणि मध्ये निवांत थांबायला ३.२ एलटीएस, म्हणजे दीर्घ सपोर्टची आवृत्ती. पायथन अशा वॉर्निंग एरवी दाबून ठेवतं, त्यामुळे टेस्ट चालवताना ‘डब्ल्यू-ए’ (-Wa) हा पर्याय द्यायचाच. मग फाइल आणि ओळ क्रमांकासकट सगळं समोर येतं.

एक जागा मात्र धोक्याची आहे. सिग्नल बनवताना प्रोव्हायडिंग आर्ग्ज हे नाव लिहून यादी दिली असेल तर ४.० लगेच टाइपएरर (चुकीच्या आर्ग्युमेंटची एरर) देतं. आमच्या जुन्या कोडमध्ये काही ठिकाणी नाव नव्हतं, कंसात थेट यादी होती. आता ती यादी यूज कॅशिंग (कोणत्या सेंडरचे रिसीव्हर कोणते ते लक्षात ठेवायचा पर्याय) याच्या जागी जाऊन बसते, कॅशिंग चालू होतं आणि सर्व्हर गुमान उठतो. पुढे सेंडर (सिग्नल पाठवणारा) म्हणून स्ट्रिंग देऊन सिग्नल पाठवला की फुटतं, कारण कॅशिंगला सेंडरचा वीक रेफरन्स (मेमरीत धरून न ठेवणारा दुवा) लागतो आणि स्ट्रिंगचा तो बनत नाही. म्हणजे फुटणार ते पट्टी पक्की करताना! ३.२ वर याच ओळीला स्वच्छ वॉर्निंग मिळते. तेव्हा ३.२ गाळून थेट ४.२ वर जा असं कुणी सांगितलं तर अजिबात ऐकू नका.

रिसीव्हर्सना, म्हणजे सिग्नल आल्यावर चालणाऱ्या फंक्शन्सना, हातही लावावा लागला नाही. प्रत्येक रिसीव्हरनं क्वार्ग्ज (नावासकट येणारी जादाची आर्ग्युमेंट्स) घ्यायलाच हवेत हा जँगोचा जुना आग्रह, त्यामुळे सिग्नलसोबत उद्या नवीन काही आलं तरी जुनं मोडत नाही.

पाचपैकी साडेचार. यूज कॅशिंग नावानंच द्यायची सक्ती केली असती तर पूर्ण पाच दिले असते. ५.० मध्ये असिंक (बाकीचं काम न अडवता चालणारे) रिसीव्हर्स आलेत, एसएमएससाठी ते मला हवेच आहेत. ४.२ च्या सपोर्टची मुदत एप्रिल २०२६ पर्यंतचीच, त्यामुळे पुढचा मुक्काम ५.२ एलटीएस.