तापलेल्या जुन्या मारुती ८००साठी: कॉम्प्रेशन टेस्ट की लीकडाऊन?

गाडी तापून बंद पडली, आता हेड (इंजिनचा वरचा भाग) उघडायचं का, या पेचात दोन तपासण्या समोर येतात.

कॉम्प्रेशन टेस्ट म्हणजे प्रत्येक सिलिंडर किती दाब तयार करतो ते मोजणं; तिला दाब मोजणारं गेज आणि चार्ज बॅटरी पुरे. तिन्ही प्लग काढा, इग्निशनची (ठिणगीची) जोडणी काढा, गेज प्लगच्या भोकात लावा, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून पाच-सहा फेरे स्टार्टर मारा. सिलिंडरांत १५ टक्क्यांहून जास्त फरक म्हणजे गडबड. कमी आकड्याच्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजा: आकडा चढला तर दोष पिस्टनच्या रिंगांत, नाही तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केटमध्ये (हेडखालचं सील). नेमकं कोणतं, ते मात्र गेज सांगत नाही. शिवाय बॅटरी मलूल असेल तर सगळेच आकडे खाली येतात.

लीकडाऊन म्हणजे प्लगच्या भोकातून सिलिंडरमध्ये दाबाची हवा भरून ती कुठून निसटते ते शोधणं; त्याला हवेचा कॉम्प्रेसर लागतो, वेळही जास्त. हवा भरताना पिस्टन कॉम्प्रेशनच्या टॉपवर (सगळ्यात वर) हवा, म्हणजे दोन्ही व्हॉल्व्ह बंद. पिस्टन जरा हलला तर हवा क्रँक (इंजिनचा मुख्य दांडा) फिरवते, हात दूर ठेवा. मग कान लावा. सायलेन्सरमधून फुसफुस: एक्झॉस्ट व्हॉल्व्ह. ऑइलच्या झाकणातून: रिंगा. रेडिएटरच्या पाण्यात बुडबुडे: गॅस्केट फाटलंय किंवा हेडला तडा. (झाकण इंजिन थंड असतानाच उघडा.)

घरच्या घरी चाचपायचं तर कॉम्प्रेशन. पाणी घटतंय, बाहेर गळती दिसत नाही आणि हेडचा खर्च करायचाय, तर आधी लीकडाऊनच.