कल्ल्यावरचे पांढरे ठिपके आणि माझे गेलेले ६३०० रुपये

आमच्या बेळगावच्या शहापुरातल्या घराच्या परसात बाबांनी बांधलेला हौद आहे, त्यात गोल्डफिश आणि चार कोई (रंगीत जपानी कार्प मासे), सगळ्यात जुना गोल्डफिश नऊ वर्षांचा. गेल्या वर्षी शिमग्याच्या आधी, थंडी कमी होत होती तेव्हा दोन गोल्डफिशच्या कल्ल्यावर बारीक पांढरे ठिपके दिसले. मी फोटो काढून इथल्याच एका ॲक्वेरियमवाल्याकडे गेले. त्याने फोटो धड झूम पण केला नाही, म्हणाला, "अक्का, व्हाइट स्पॉट रोग हाय हे, लई पसरूलालाय सध्या, आठ दिवसात हौद रिकामा होतोय बघा." बाबा आता अंथरुणावर असतात, खिडकीतून दिवसभर हौदच बघतात, त्यामुळे मी घाबरले आणि पुढे काही विचारलंच नाही, तिथंच चुकलं.

दुसऱ्या दिवशी तो घरी आला, व्हिजिटचे ५००. हौदाकडे नुसतं बघून म्हणाला १० हजार लिटर पाणी आहे, आणि त्या हिशोबाने ६५० ची एक अशा चार निळ्या औषधाच्या बाटल्या. बाटलीवर नाव नाही, एक्सपायरी नाही, काही नाही. इम्पोर्टेड माल लूज आणतो म्हणाला. चारही त्यानेच ओतल्या, बिल दिलं नाही.

तिसऱ्या दिवसापासून मासे वर येऊन तोंड उघडून श्वास घ्यायला लागले आणि आठवड्यात दोन कोई, तीन गोल्डफिश गेले. बाबांना काय सांगायचं कळेना. फोन केला तर म्हणतो तुम्ही उशीर केला, रोग आत भिनला होता, आणि त्याच फोनवर ३२०० ची नवीन कोईची जोडी गळ्यात मारली, "ट्रीटमेंट केलेली आहे, डायरेक्ट सोडा". सोडली. पंधरा दिवसात त्या जोडीच्या अंगावर पांढरट दोऱ्यासारखं काहीतरी लोंबायला लागलं आणि मुळाशी लालभडक जखम.

तेवढ्यात मावसभावाचा मित्र सुट्टीला खानापूरला आला होता, तो मंगळूरच्या फिशरीज कॉलेजात शिकतो, त्याला हात जोडून घरी आणलं. त्याने माझे जुने फोटो बघितले आणि म्हणाला ताई हा रोगच नव्हता. नर गोल्डफिशला विणीच्या दिवसात कल्ल्यावर आणि पुढच्या पराच्या काठावर असे टिपके येतात, आपोआप जातात. खरा व्हाइट स्पॉट मीठ भुरभुरल्यासारखा सगळ्या अंगावर, शेपटीवर दिसतो, मासे भिंतीला अंग घासतात, एकावरून दुसऱ्यावर पटापट जातो. आणि खरा असता तरी एकदाच औषध ओतून भागत नाही म्हणे, कारण या रोगाचा बारीक किडा कातडीखाली असतो तोवर औषध लागत नाही, बाहेर पडून पाण्यात पोहतो तेव्हाच मरतो, म्हणून डोस परत परत द्यावा लागतो.

मग त्याने टेपने हौद मोजला. ८ फूट बाय ६, पाणी ३ फूट, म्हणजे १४४ घनफूट, एका घनफुटाला सुमारे २८ लिटर, म्हणजे जेमतेम ४ हजार लिटर! अडीच पट औषध पडलं होतं. ते बहुतेक मिथिलीन ब्लू असणार म्हणाला, त्याने फिल्टरमधले चांगले जिवाणू मरतात, मग माशांच्या घाणीतला अमोनिया साठतो आणि मासे गुदमरतात. माझे मासे रोगाने नाही, औषधाने गेले, हे ऐकून मला रडू आलं.

नवीन जोडीवरचा तो अँकर वर्म, म्हणजे माशाच्या अंगात रुतून बसणारा किडा. त्या मुलाने ते किडे चिमट्याने मुळापासून ओढून काढले, जखमेला आयोडीन लावलं, आणि दुकानातून कुठलाही मासा आणला की तीन-चार आठवडे वेगळ्या टबात ठेवायला सांगितलं. साध्या मिठाने हा किडा जात नाही, आणि अंडी फुटत राहतात म्हणून याचंही औषध परत परत द्यावं लागतं, आम्हाला दीड महिना लागला.

दुकानात जाऊन विचारलं तर अक्का अक्का करणारा माणूस ओळख पण दाखवेना, बिल दाखवा म्हणे. माझ्याकडे फक्त फोनपेची एंट्री. पैसे परत मिळाले नाहीत.

काल अनगोळच्या ओळखीतल्या एका काकूंचा फोन आला, तशीच बिनलेबलची निळी बाटली, तोच १० हजार लिटरचा अंदाज, आणि ठिपके फक्त कल्ल्यावर. मी म्हटलं काकू बाटली उघडू नका, मी टेप घेऊन येते.