दम्याच्या पंपाला लावायचा स्पेसर: कोणता घ्यावा आणि धुवावा कसा

स्पेसर म्हणजे पंप आणि तोंड यांच्या मधे लावायची पोकळ नळी. इथे बोलतोय तो मेडिकलमध्ये सहज मिळणारा, पारदर्शक, झडपेचा, साधारण पाव लिटर मापाचा देशी स्पेसर. काही शे रुपयांत येतो. बाहेरून आलेले त्याच्या कितीतरी पट महाग. आमचं मत आधीच सांगतो: देशी पुरेसा आहे. झडप नीट हलली पाहिजे आणि धुवायची रीत पाळली पाहिजे, एवढ्याच अटी. ती रीत बरेचदा माहितीपत्रकावर मुंगीएवढ्या अक्षरांत छापलेली असते, ही मात्र आमची तक्रार.

पंप थेट तोंडात धरून दाबला की फवारा इतक्या जोरात सुटतो की बरंचसं औषध घशाच्या मागच्या भिंतीवर आपटतं. बारीक श्वासनळ्यांपर्यंत पोचतात ते साधारण १ ते ५ मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) कण. स्पेसरमध्ये फवारा मंदावतो, मोठे थेंब आतच चिकटून राहतात आणि पंप दाबणं व श्वास ओढणं एकाच क्षणी साधायची कसरत वाचते. स्टिरॉइडच्या पंपाला तर तो हवाच, कारण तोंडातली पांढरी बुरशी आणि बसलेला आवाज त्याने बराच टळतो. तरीही नंतर चूळ भरून थुंकायचीच.

घेताना स्वतःचा पंप दुकानात न्या. सगळ्या पंपांचं तोंड एकसारखं नसतं. मागच्या रबरात तो सैल बसला तर औषध तिथूनच निसटतं. घरी आल्याबरोबर स्पेसर उजेडाकडे धरून श्वास ओढून बघा. झडपेची सिलिकॉनची पातळ पाकळी श्वास आत घेताना उघडायला हवी आणि सोडताना मिटायला हवी. कडा मुडपलेली किंवा एका बाजूला चिकटलेली दिसली तर लगेच बदलून घ्या, बिल त्यासाठीच जपायचं. साधारण चार वर्षांखालच्या मुलांना मास्क लागतो. तो मऊ सिलिकॉनचाच घ्या, कडक प्लॅस्टिकचा नाकाच्या दोन्ही बाजूंना फट ठेवतो. आणि रडणारं मूल खोल श्वास घेतं म्हणून औषध जास्त जातं, हा घरोघरचा समज पार उलटा आहे. रडताना श्वास तुटक येतो, मास्क हलतो, फुप्फुसात जातं ते फारच थोडं. आधी मुलाला शांत करा.

आता धुणं, कारण सगळी मेख इथेच आहे. नव्या प्लॅस्टिकवर स्थिर विद्युतभार असतो आणि औषधाचे कण भिंतीला जाऊन बसतात. म्हणून पहिल्या वापराआधी आणि मग महिन्यातून एकदा भाग सुटे करायचे, कोमट पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचे दोन-चार थेंब टाकून त्यात पंधराएक मिनिटं बुडवायचे, बाहेर काढून नुसते निथळत ठेवायचे. साध्या पाण्याने खळबळायचं नाही आणि फडक्याने पुसायचं तर अजिबात नाही. घासलं की तोच भार परत येतो. साबणाचा तो अदृश्य थर राहू द्यायचा, तोंडात धरायचा भाग तेवढा वापरण्याआधी पुसून घ्यायचा. भार न धरणाऱ्या खास प्लॅस्टिकचे स्पेसरही मिळतात, त्यांची सूचना वेगळी असू शकते. पावसाळ्यात वाळायला एक रात्र पुरत नाही, हे धरून चाला. त्याच दमट हवेत रोटाकॅपच्या (वेगळ्या यंत्रातून ओढायच्या कोरड्या औषधाच्या कॅप्सूलच्या) पुडीच्या गुठळ्या होतात, म्हणून कॅप्सूल आधीच उघडून किंवा यंत्रात भरून ठेवू नये.

वापरताना पंप हलवा आणि एकच फवारा मारा. मोठ्यांनी सावकाश, चार-पाच सेकंद श्वास ओढून दहा सेकंद रोखावा. मुलांना पाच-सहा साधे श्वास पुरतात. अर्ध्या मिनिटाने पंप पुन्हा हलवून दुसरा. घाईत दोन फवारे एकदम मारले की कण एकमेकांना चिकटतात आणि डोस वाढायच्या ऐवजी घटतो. सहा महिने ते वर्षभरात स्पेसर बदला. पाकळी त्याआधी कडक झाली तर तेव्हाच.

स्पेसर हाताशी नसेल तर? १९९९ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या अभ्यासात, पंपाच्या मापाचं भोक पाडून कडेने सीलबंद केलेली ५०० मिलीची प्लॅस्टिकची बाटली मुलांमध्ये नेहमीच्या स्पेसरइतकीच चालली होती. थर्मोकोलचा कप मात्र कमी पडला.

नेब्युलायझर, म्हणजे औषधाचं धुकं करणारं यंत्र, घ्यायला निघालेल्यांनी जरा थांबावं. दम्याच्या सौम्य ते मध्यम झटक्यात पंप-स्पेसर त्याच्या तोडीचा ठरतो, वीजही लागत नाही. जागतिक मार्गदर्शक सूचनांत अशा झटक्याला साल्ब्युटामॉलचे (श्वासनळ्या लगेच मोकळ्या करणारं, बहुतेकदा निळ्या पंपातलं औषध) ४ ते १० फवारे, एकेक करून, पहिल्या तासात दर २० मिनिटांनी असे सांगितले आहेत. तुमचा आकडा डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या आणि स्पेसरसोबतच ठेवा. त्याच सूचनांनी २०१९ पासून मोठ्यांना आणि किशोरवयीनांना नुसत्या साल्ब्युटामॉलवर ठेवू नये असंही म्हटलंय, सोबत श्वासावाटे घ्यायचं स्टिरॉइड हवंच. तेव्हा निळा पंप एकटाच चालू असेल तर पुढच्या भेटीत विचारा. झटक्यात बोलताना वाक्य पुरं होत नसेल किंवा ओठ निळसर दिसत असतील तर घरी वाट बघायची नाही. दवाखान्याच्या वाटेवरही फवारे चालू ठेवायचे.