दत्तकपत्र की कलेक्टरचा आदेश? नियम मध्येच बदलले तर कोण अडकतं

भावाचं किंवा बहिणीचं मूल दत्तक घ्यायचं ठरलंय, दोन्ही घरं राजी आहेत, आता अडलंय ते कागदावर. जळगाव-धुळ्याकडे अशा वेळी दोन सल्ले हमखास मिळतात. एक जण म्हणतो, दुय्यम निबंधकाकडे दत्तकपत्र नोंदवा, मोकळे व्हा. दुसरा म्हणतो, आता कोर्ट गेलं, सगळं कलेक्टरकडे आलं, 'कारा'च्या, म्हणजे केंद्रीय दत्तक प्राधिकरणाच्या, पोर्टलवर नाव टाका. मार्ग दोन्ही खरे आहेत, फक्त कायदे वेगळे आहेत. आणि निवडताना सहसा कोणी न विचारणारा एक प्रश्न आहे: काम अर्ध्यावर असताना नियम बदलले तर?

पहिला मार्ग १९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याचा. बौद्ध, जैन, शीखही त्यात येतात. यात मूल प्रत्यक्ष दिलं-घेतलं जाणं महत्त्वाचं. दत्तहोम झाला नाही तरी चालतं. नोंदणीची सक्ती नाही, पण देणाऱ्या-घेणाऱ्यांच्या सह्यांचं नोंदलेलं दत्तकपत्र असेल तर दत्तक कायद्याप्रमाणे झालं असं कोर्ट धरून चालतं, आणि ते खोटं ठरवण्याचा भार आक्षेप घेणाऱ्यावर पडतो. आक्षेप घेणारा बहुधा कोण असतो ते खानदेशात सांगायला नको: बांधाला बांध असलेला भाऊबंद, तोही वारस नोंदीची वेळ आली की. म्हणून दस्त घरी आणण्याआधी एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून बघा. मुलाच्या जन्मदात्या आईची संमती आणि सही त्यात आहे का? बापाने एकट्याने सही केली आणि 'ती घरीच होती, तिचं काय' म्हणून आईला आणलंच नाही, तर समोरच्या वकिलाला मुद्दा आयता मिळाला. मांडीवर बसवतानाचे फोटो, हजर असलेल्या चार वडीलधाऱ्यांची नावं, हेही जपून ठेवा.

दुसरा मार्ग २०१५ च्या बाल न्याय कायद्याचा. काका, मामा, आत्या, मावशी, आजी-आजोबा यांना नात्यातलं मूल या कायद्याखालीही घेता येतं. पोर्टलवर नोंदणी, जन्मदात्यांची संमती, मूल ५ वर्षांचं किंवा मोठं असेल तर त्याचीही संमती, जिल्हा बाल संरक्षण कक्षाचा कुटुंब अहवाल आणि मग अर्ज. हा अर्ज आधी कोर्टात जायचा. १ सप्टेंबर २०२२ पासून दुरुस्ती लागू झाली आणि आदेश देण्याचे अधिकार जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे, म्हणजे कलेक्टरकडे, आले. अतिरिक्त जिल्हा दंडाधिकारीही त्यात धरले आहेत. दोन महिन्यांत निकाल द्यावा अशी मुदत आहे. आदेश मान्य नसेल तर ३० दिवसांत विभागीय आयुक्तांकडे अपील, म्हणजे जळगाव, धुळे, नंदुरबार या आपल्या तिन्ही जिल्ह्यांना नाशिक.

नियम मध्येच बदलण्याचा प्रश्न या दुसऱ्या मार्गावरच येतो. ज्यांच्या हातात कोर्टाचा आदेश आधीच होता, त्यांना काहीच करायचं नव्हतं. तो आदेश तसाच पक्का आहे, कलेक्टरकडून पुन्हा शिक्का आणावा लागत नाही. (असा शिक्का 'काढून देतो' म्हणणारा भेटला तर त्याला चहा पाजून वाटेला लावा.) खरी ओढाताण अर्ज कोर्टात पडून असलेल्यांची झाली. एरवी १८९७ च्या सर्वसाधारण वाक्खंड अधिनियमाचा (जनरल क्लॉजेस ॲक्ट) धडा सोपा आहे: जुना कायदा गेला तरी चालू प्रकरण जुन्याच रुळावर चालतं, नव्या कायद्याचा इरादा वेगळा दिसत नसेल तर. २०२२ मध्ये इरादा वेगळाच होता. प्रलंबित प्रकरणं जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे वर्ग होतील, असं नियमांतच लिहून टाकलं. त्याला आव्हान दिलं गेलं आणि जानेवारी २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हे वर्ग करणं अंतरिम आदेशाने थांबवलं. त्यामुळे आपल्या राज्यात १ सप्टेंबर २०२२ नंतरच्या तारखेचा कोर्टाचा दत्तक आदेश दिसला तर लगेच नाक मुरडू नका. अर्ज कधीचा आहे ते आधी बघा.

आणि नात्याबाहेरचं मूल मिळावं म्हणून ज्यांनी पोर्टलवर फक्त नाव नोंदवलं होतं, रांगेत होते, त्यांना सगळ्यात कमी संरक्षण मिळालं. २०१७ च्या नियमांत तीन किंवा जास्त मुलं असलेल्या जोडप्याला विशेष गरजा असलेलं किंवा सहज घर न मिळणारं मूलच घेता यायचं. २०२२ मध्ये ती मर्यादा दोन मुलांवर आली, आणि आधीपासून रांगेत असलेल्यांनाही लावली गेली. दिल्ली उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२४ मध्ये ते योग्य ठरवलं. नाव नोंदवलं म्हणून जुन्याच नियमाने मूल मिळण्याचा हक्क तयार होत नाही, असा त्याचा अर्थ. वयाचंही तसंच. २ वर्षांपर्यंतच्या बाळासाठी जोडप्याच्या वयाची बेरीज आता ८५ च्या आत लागते. पूर्वी ४ वर्षांपर्यंतच्या मुलासाठी ९० चालायची. नात्यातल्या मुलाला मात्र यातली मुलांच्या संख्येची आणि वयाची अट लागत नाही.

दत्तकपत्राला यातलं काही शिवत नाही. मूल दिलं-घेतलं, दस्त झाला की दत्तक पूर्ण, आणि ते नंतर रद्दही करता येत नाही. २०२२ च्या उलथापालथीत दत्तकपत्रवाले निवांत होते, कारण बाल न्याय कायदा हिंदू कायद्याखालच्या दत्तकाला मुळातच लागू नाही.

मग सगळ्यांनीच दस्त करावा? तसं जमत नाही. घरात मुलगा किंवा मुलाचा मुलगा असेल तर या कायद्याने दुसरा मुलगा घेता येत नाही. मुलगी किंवा मुलाची मुलगी असेल तर मुलगी नाही. रूढी वेगळी नसेल तर मूल १५ वर्षांच्या आतलं हवं. बाल न्याय कायद्यात १८ पर्यंत चालतं आणि मुलगा-मुलगीची ती आडकाठी नाही. मुस्लिम, ख्रिस्ती कुटुंबांना बाल न्याय कायद्याचाच रस्ता आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्येच, त्याआधीच्या २००० च्या बाल न्याय कायद्याबद्दल, तो सर्व धर्मीयांना खुला असल्याचं स्पष्ट केलं. आणि सातपुड्यातल्या भिल्ल, पावरा कुटुंबांनी एक गोष्ट नीट ऐकावी. केंद्राची वेगळी अधिसूचना नसेल तर १९५६ चा कायदा अनुसूचित जमातींना लागूच होत नाही. धडगाव-अक्कलकुव्याकडे कोणी 'हिंदू दत्तक कायद्याप्रमाणे' असा छापील मसुदा पुढे केला, तर सही करण्याआधी थांबा. जमातीची रूढी सिद्ध करता येते, पण मला विचाराल तर तिथे कलेक्टरचा आदेशच घ्यावा.

मूल नात्यातलं नसेल, दवाखान्यात कोणी सोडून गेलेलं असेल, तर निवड उरतच नाही. ते बाल कल्याण समितीकडेच जायला हवं. परस्पर घेतलं तर ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाख दंड किंवा दोन्ही.

नात्यातलं मूल, हिंदू कुटुंब, आड येणारं अपत्य नाही आणि प्रश्न मुख्यतः शेतीचा: मी दत्तकपत्र सांगेन. पुढे परदेश, पासपोर्ट असं काही डोक्यात असेल तर कलेक्टरचा आदेश सांगेन, वेळ लागला तरी. तो मार्ग धरला तर अर्ज अर्धवट ठेवू नका. अहवाल आला की लगेच दाखल करा, पोच घ्या, आदेशाच्या दोन-तीन प्रमाणित प्रती काढा आणि त्यातली एक घेऊन जन्मदाखल्यात आई-बापाची नावं बदलायला टाका.