सीबीएस, सिंगल चॅनेल की ड्युअल चॅनेल: नवी मोटरसायकल घेताना ब्रेकवर किती खर्च करावा?

शोरूममध्ये मायलेज आणि हप्त्यावर अर्धा तास बोलणं होतं, ब्रेकचा विषय मात्र दोन वाक्यांत उरकतो. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या नव्या दुचाकीला एबीएस (ब्रेक लावल्यावर चाक लॉक, म्हणजे फिरायचं थांबून घसरू न देणारी यंत्रणा) सक्तीचं झालं. त्या नियमात १२५ सीसीपर्यंत सीबीएस (एक ब्रेक दाबला की दोन्ही चाकांना लागणारी जोडयंत्रणा) चालत होतं. त्यामुळे सव्वाशे घ्यावी की दीडशे-एकशेसाठ, हा प्रश्न खरं तर ब्रेकचाही असतो.

आधी पुढच्या चाकाचं बघू. ब्रेक लावला की वजन पुढे सरकतं, मागचं चाक हलकं होतं आणि जोरात थांबताना बरंचसं काम पुढचं चाक करतं. तरी ‘पुढचा ब्रेक मारू नको, पडशील’ असं ऐकतच आपण गाडी शिकलो. ती भीती निराधार नाही. मागचं चाक लॉक झालं तर गाडी फरपटते, पण बऱ्याचदा सावरते. पुढचं लॉक झालं तर सावरायला वेळच उरत नाही. म्हणून पैसे आधी पुढच्या चाकावर घाला.

सीबीएसमध्ये पायाचा ब्रेक दाबला (स्कूटरवर डाव्या हाताचा) की पुढचाही थोडा लागतो. पुढच्या ब्रेकला हातच न लावणाऱ्याला त्याचा चांगला उपयोग होतो. मात्र चाक लॉक होणं ते थांबवत नाही. दोन्हीकडे ड्रम (चाकाच्या मध्यभागी बंद डब्यातला ब्रेक) असलेली गाडी स्वस्त पडते आणि तिचे लायनर कोणत्याही गॅरेजमध्ये बदलून मिळतात. गावातल्या गावात, चाळीसच्या आत चालवणार असाल तर ती पुरते. पण साचलेल्या पाण्यातून गेल्यावर ड्रम ओला झाला की ब्रेक कमी लागतो, आणि लांबच्या उतारावर तापून ढिला पडतो. डिस्क उघडी असल्याने लवकर सुकते, लवकर थंड होते. सव्वाशेच घ्यायची असेल तर पुढे डिस्क असलेलंच मॉडेल घ्या, थोडे पैसे जास्त गेले तरी.

एबीएसचा सेन्सर चाकाचा वेग मोजत राहतो. चाक लॉक होऊ लागलं की एबीएस ब्रेकचा दाब सेकंदात अनेकदा सोडून पुन्हा लावतं. सिंगल चॅनेलमध्ये हे फक्त पुढच्या चाकाला मिळतं, ड्युअलमध्ये दोन्ही चाकांना. ऊस हंगामात ट्रॅक्टरच्या चाकांचा चिखल डांबरावर पडतो, पहिल्या पावसात रस्ता तेलकट होतो. अशा वेळी घाबरून हाताचा ब्रेक करकचून दाबला तरी सरळ रस्त्यावर पुढचं चाक फिरत राहतं आणि गाडी ताब्यात राहते. माझ्या मते सीबीएसवरून सिंगल चॅनेलवर जाणं हा सगळ्यात मोलाचा टप्पा आहे. ड्युअल रोज हायवेवर जाणाऱ्याने घ्यावं, किंवा मागे कायम कुणी बसत असेल त्याने. बजेट ताणलं जात असेल तर सिंगल चॅनेल आणि चांगले टायर घ्या. दिसायला छान म्हणून मागच्या डिस्कला पैसे मोजू नका. सिंगल चॅनेलसोबत तिथे ड्रम चालतो.

एबीएसकडून भलत्या अपेक्षाही नकोत. सुट्या खडीवर त्याने थांबायचं अंतर उलट वाढू शकतं. वळणावर गाडी झुकलेली असताना साधं एबीएस घसरण रोखेलच असं नाही, म्हणून वेग वळणाआधीच उतरवा. तासाला साठ म्हणजे सेकंदाला जवळपास १७ मीटर. ब्रेककडे हात जाईपर्यंतच गाडी एवढी पुढे गेलेली असते. ताशी तीसच्या मानाने साठला नुसतं ब्रेकचं अंतर चौपट होतं, एबीएस असो वा नसो.

ताम्हिणी किंवा आंबा घाटात उतरताना खालचा गिअर टाका, क्लच दाबून गाडी सोडू नका. इंजिन ओढून धरतं आणि ब्रेक तापत नाहीत. गिअर नसलेल्या स्कूटरवर ही सोय फार कमी, त्यामुळे घाटातली ये-जा नेहमीची असेल तर मोटरसायकलच बरी.

गाडी ताब्यात घेताना चावी फिरवून एबीएसचा पिवळा दिवा लागतो का ते बघा. गाडी थोडी पुढे गेल्यावर तो विझला पाहिजे. डिस्कचं ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं, मग जास्त तापल्यावर उकळून लिव्हर मऊ लागतो. ते साधारण दर दोन वर्षांनी बदलून घ्या. सर्व्हिसिंगमध्ये ते आपोआप बदलतील असं धरून चालू नका, जॉबकार्डावर लिहून घ्या.