रास्पबेरी पाय ग्लोबल शटर कॅमेरा: बाटली भरण्याच्या लाईनवर कितपत टिकतो?

चालत्या पट्ट्यावरची बाटली साध्या रोलिंग शटर कॅमेऱ्याने टिपली की झाकण तिरकं दिसतं. सेन्सर एकेक ओळ वाचत खाली येतो आणि तेवढ्यात बाटली पुढे सरकलेली असते. मग नीट बसलेलं झाकण रिजेक्ट होतं आणि खरंच वाकडं असलेलं पास होऊन जातं. मार्च २०२३ मध्ये ५० डॉलर किमतीला आलेल्या, रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाला जोडायच्या ग्लोबल शटर कॅमेऱ्यात ही अडचण मुळातच येत नाही, कारण सगळे पिक्सेल एकाच क्षणी प्रकाश घेतात. आत सोनीचा आयएमएक्स२९६ सेन्सर आहे: १४५६ × १०८८ पिक्सेल, सेकंदाला ६० फ्रेम. लेन्स सी किंवा सीएस माउंटची, वेगळी घ्यायची.

१.६ मेगापिक्सेल म्हणजे कमीच, असं वाटणं साहजिक आहे. पण हिशोब करून बघा. १०० मि.मी. रुंदीचा भाग टिपला तर एक पिक्सेल साधारण ०.०७ मि.मी.चा पडतो. पट्टा सेकंदाला अर्धा मीटर धावत असेल आणि एक्स्पोजर (सेन्सर उजेड घेतो तो वेळ) १ मिलिसेकंद असेल, तर तेवढ्यात बाटली अर्धा मि.मी., म्हणजे सात पिक्सेल सरकते. तेच एक्स्पोजर १०० मायक्रोसेकंदांवर आणलं की सरकणं एका पिक्सेलच्या आत येतं. पण इतक्या कमी वेळात चित्र उजळ यायला उजेड भरपूर लागतो, तेव्हा पैसे जास्त पिक्सेलवर न घालता उजेडावर घाला. १६ मि.मी.ची लेन्स वरच्या रुंदीसाठी सुमारे ३३ सें.मी. अंतरावर बसते. ६ मि.मी.ची लेन्स १२-१३ सें.मी.वर आणावी लागते. इतक्या जवळून झाकणाची वरची कड आणि खालची कड वेगवेगळ्या कोनातून दिसतात, मोजमाप बिघडतं.

उजेडात एक चूक फार होते. मशीन व्हिजनसाठी, म्हणजे कॅमेऱ्याने करायच्या तपासणीसाठी, लाल बॅकलाइट (बाटलीच्या मागे लावायचा दिवा) सर्रास मिळतो, पण हा सेन्सर रंगीत आहे. लाल उजेड प्रामुख्याने लाल पिक्सेलनाच, म्हणजे चारातल्या एकालाच दिसतो, आणि कडेची अचूकता तिथेच जाते. शिवाय पुढे इन्फ्रारेड अडवणारा आयआर कट फिल्टर असल्याने ८५० नॅनोमीटरचा इन्फ्रारेड बॅकलाइटही कामाचा नाही. पांढरा, पसरट, डीसीवर चालणारा बॅकलाइट घ्या. थेट मेन्सवर चालणाऱ्या साध्या एलईडीचा उजेड सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो. १०० मायक्रोसेकंदांच्या एक्स्पोजरला एक फ्रेम लख्ख आणि पुढची काळी मिळते.

आता ट्रिगर, म्हणजे बाटली समोर आली की फोटो घ्यायला सांगणारा सिग्नल, कारण या कॅमेऱ्याची खरी कसोटी इथेच लागते. बोर्डवर एक्सटीआर आणि जीएनडी असे दोन पॉइंट आहेत, त्यांना बारीक वायर सोल्डर करायची. बोर्डवर क्यू२ ट्रान्झिस्टर बसवलेला असेल तर आर११ रेझिस्टर काढल्याशिवाय बाहेरचा ट्रिगर चालत नाही. एक्सटीआरला १.८ व्होल्ट लागतात, म्हणून सिग्नल देणाऱ्या ३.३ व्होल्टच्या पिनपासून एक्सटीआरपर्यंत १.५ किलोओहम आणि तिथून ग्राउंडला १.८ किलोओहम असा व्होल्टेज कमी करणारा डिव्हायडर करा. सिग्नल जितका वेळ लो, तितकं एक्स्पोजर, अधिक सुमारे १४ मायक्रोसेकंद. १०० मायक्रोसेकंद हवे असतील तर लो पल्स ८६ची द्या. ड्रायव्हरचा ट्रिगर मोड १ करावा लागतो आणि तो रीबूटनंतर टिकत नाही, म्हणून स्टार्टअप स्क्रिप्टमध्येच टाका. लाईन जेवणाच्या सुट्टीत थांबली की फ्रेम येत नाहीत आणि लिबकॅमेरा हे कॅमेरा चालवणारं सॉफ्टवेअर कॅमेरा बंद पडल्याचं समजून टाइमआउट देतो. कॉन्फिगरेशनमध्ये ही मुदत वाढवून ठेवा.

पल्स पायथनमधून देऊ नका. लिनक्सवर पाच मिलिसेकंदांचा उशीर सहज होतो आणि बाटली अडीच मि.मी. पुढे निघून जाते. पिकोसारखा मायक्रोकंट्रोलर मध्ये घाला: बाटली आल्याचं ओळखणाऱ्या फोटो सेन्सरचे २४ व्होल्ट ऑप्टोकपलरमधून (दोन सर्किट विजेने वेगळी ठेवून सिग्नल पुढे देणारा भाग) पिकोला, पिकोकडून एक्सटीआरला. लाईट स्ट्रोब करायचा, म्हणजे फोटोपुरता लख्ख चमकवायचा असेल तर तोही त्याच पिकोवरून.

झाकणाबरोबर बाटलीतल्या पाण्याची लेव्हलही मोजायची तर कुठे, हे महत्त्वाचं. २८ मि.मी. नेकच्या पेट बाटलीत मानेचा आतला व्यास २१.७ मि.मी.च्या आसपास असतो, त्यामुळे १ मि.मी. लेव्हल म्हणजे जेमतेम ०.३७ मिली. तीच लेव्हल ६० मि.मी. व्यासाच्या खांद्यापाशी आली तर १ मि.मी.ला २.८ मिली. तिथे दोन पिक्सेलची चूकही महाग पडते. बाटल्या पुढे सरकवणाऱ्या दातेरी चाकातून, म्हणजे स्टारव्हीलमधून बाहेर पडताच पाणी हिंदकळतं, म्हणून कॅमेरा थोडा पुढे लावावा. पण जितका पुढे, तितका फिलरला (बाटली भरणाऱ्या यंत्राला) उत्तर मिळायला उशीर. दोन मीटर म्हणजे चार सेकंद. इतक्या उशिरा आलेल्या एकेका मापावर भरण्याची वेळ बदलत राहिलात तर लेव्हल वरखाली झुलायला लागते. बारा नोझलचा फिलर असेल तर दर बारावी बाटली एकाच नोझलची. बारा वेगळ्या सरासऱ्या ठेवा. एकाच नोझलची सरासरी घसरली तर व्हॉल्व्ह किंवा सील बघायचा, सगळ्या एकदम घसरल्या तरच टाकीतली लेव्हल, दाब किंवा भरण्याची वेळ. हा फरक निव्वळ पास-रिजेक्ट दाखवणाऱ्या यंत्रणेत कधीच कळत नाही. खरं सांगायचं तर एवढ्या एका माहितीसाठीही हा कॅमेरा लावण्यासारखा आहे.

उणिवा सरळ सांगायच्या तर हा उघडा बोर्ड आहे. पाणी, धूळ, धक्के यांसाठी डबा तुम्हीच बनवायचा, समोर काच लावून. सोबतची रिबन केबल १५ सें.मी.ची असते आणि पाय ५ला लहान कनेक्टरची वेगळी केबल लागते. केबल व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह) किंवा मोटरच्या वायरिंगजवळून नेऊ नका. मधूनच फ्रेम गळू लागल्या तर आधी तिथेच बघा. पॅनेलमधलं तापमान वाढून प्रोसेसर ८० अंशांपर्यंत गेला की पाय आपला वेग कमी करतो आणि तपासणीला जास्त वेळ लागतो, म्हणून मे महिन्याच्या हिशोबाने पंखा बसवा. वीज गेल्यावर मेमरी कार्ड खराब होऊ नये म्हणून रास्पी-कॉन्फिगमधून ओव्हरले फाइल सिस्टिम (यात कार्डवर काही लिहिलं जात नाही) चालू करा आणि रीडिंग नेटवर्कवर दुसरीकडे साठवा.

भोसरी किंवा सातपूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या छोट्या युनिटमध्ये सोल्डरिंग आणि पायथन येणारा एक माणूस असेल, तर बिनधास्त घ्या. औषधं किंवा जिथे तपासणीच्या यंत्रणेचं व्हॅलिडेशन (ती नीट चालते याचा कागदोपत्री पुरावा) दाखवावं लागतं तिथे आणि जिथे रात्रपाळीला दुरुस्त करणारं कुणी नाही तिथे आयपी६७ दर्जाच्या, धूळ-पाणी आत न शिरणाऱ्या डब्यातला, सपोर्टसह येणारा स्मार्ट कॅमेराच घ्यावा, किंमत कितीतरी जास्त असली तरी. रिजेक्टचा पुशर मात्र दोन्ही बाबतीत पीएलसीच्याच (लाईन चालवणाऱ्या औद्योगिक कंट्रोलरच्या) हातात ठेवा आणि कॅमेऱ्याचा निकाल वेळेत आला नाही तर बाटली बाहेर काढायची, असं लॉजिक लिहा.