भाताला कीड लागते, मग वाण बदलायचं की इंद्रायणीच ठेवायची?

पिंपळनेरकडे माझ्या मामेभावाचं दीड एकर भात आहे, इंद्रायणी. गेल्या खरिपात खोडकिड्याने (खोड पोखरणाऱ्या अळीने) वाट लावली, लोंब्या पांढऱ्या पडल्या, नुसती पळींज, दाणा नाही. आता तो "कीड न लागणारं बियाणं" शोधत फिरतोय, दुकानदार एक सांगतो, व्हॉट्सअ‍ॅपवर दुसरंच येतं, मग रात्री मला फोन, "आता काय करू मी?" मी अमळनेरचा कापूसवाला, पण या विषयावर बरंच वाचत असतो, म्हणून त्याला जे सांगितलं तेच इथे टाकतोय.

आधी कीड कोणती ते बघा, सगळा फरक तिथेच पडतो.

तपकिरी तुडतुडे (रस शोषणारी बारीक कीड) असतील तर वाण बदलून खरंच फायदा होतो. त्यांना दाद न देणारे जीन, म्हणजे जनुकं, भातात सापडलेत, काही तर रानटी भातातून आलेत, आणि आता रोपाच्या पानाचा तुकडा घेऊन डीएनए तपासला की जीन उतरलाय का ते लगेच कळतं, दरवेळी कीड सोडून बघत बसायला नको. गादमाशी या दुसऱ्या किडीचंही तसंच. 2005 मध्ये भाताचा जीनोम, म्हणजे सगळ्या जनुकांचा आराखडा, पूर्ण वाचून झाला (11 व्या गुणसूत्राच्या कामात भारतही होता), त्यानंतर हे काम बरंच सोपं झालं.

खोडकिड्याचं मात्र अवघड आहे. लागवडीच्या भातात त्याला पक्का रोखणारा जीन सापडलेलाच नाही, थोडंफार सहन करणारे वाण आहेत पण "लागतच नाही" असं कोणी म्हणालं तर तिथून उठायचं. म्हणूनच शास्त्रज्ञ बीटीकडे वळले, म्हणजे एका जिवाणूचा अळी मारणारा जीन पिकात घालायचा. चीनने 2009 मध्ये दोन बीटी भातांना सुरक्षिततेचं प्रमाणपत्र दिलं, तरी ते शेतकऱ्याच्या शेतापर्यंत काही आले नाहीत, आणि आपल्याकडे तर बीटी भाताला परवानगीच नाही, त्यामुळे कोणी पाकीट दाखवलं तर तो गंडवतोय. शिवाय बीटी चालतं ते अळीवर, रस शोषणाऱ्या तुडतुड्याला त्याचं काही वाटत नाही. 2025 मध्ये जाहीर झालेल्या त्या दोन जीनोम एडिटेड (भाताच्याच जीनमध्ये बारीक बदल केलेल्या) वाणांचे, कमला आणि पुसा डीएसटी 1 चे, मेसेज फिरतायत ना, ते उत्पन्न आणि क्षार-दुष्काळ सहन करण्यासाठी आहेत, किडीसाठी नाहीत.

आणि प्रतिकारक वाण म्हणजे कायमची सुट्टी नाही हं. आयआर 26 हे भाताचं वाण 1973 ला तुडतुड्यासाठी आलं, दोन-तीन वर्षांत तुडतुड्यानेच त्याला पचवलं, मग 1976 ला दुसऱ्या जीनचं आयआर 36 आणावं लागलं. आपल्याला हे सांगायला नको, गुलाबी बोंडअळीने बीजी टू या बीटी कापसाचं काय केलं ते खान्देशात कोणत्याही कापूसवाल्याला विचारा.

आता इंद्रायणीच ठेवायची तर कष्ट जास्त आणि लक्ष जास्त, पण वासाचा आणि चवीचा भाव मिळतो, तो नव्या वाणाला मिळेलच असं नाही. खोडकिड्याचा पतंग अंडी पानाच्या शेंड्याकडे घालतो, म्हणून लावणीआधी रोपांचे शेंडे खुडायचे, कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंग अडकवणारे) लावायचे आणि ट्रायकोकार्ड, म्हणजे खोडकिड्याची अंडी संपवणाऱ्या बारीक मित्रकिडीचं कार्ड, हेक्टरी 50,000 अंडी. कार्ड लावलं की लगेच फवारा मारायचा नाही, मित्रकीडच मरते, आमचे लोक हीच चूक करतात. युरियाही आवरा, हिरवंगार भात म्हणजे तुडतुड्याला जेवणाचं आमंत्रण. सरसकट फवारणीने तर तुडतुडे वाढतात, कारण त्यांना खाणारे कोळी आधी मरतात, इंडोनेशियाने 1986 मध्ये भातावरची 57 कीटकनाशकं एका झटक्यात बंद केली ती याच कारणाने.

माझं मत विचाराल तर, तुडतुड्याचा त्रास दरवर्षीचा असेल तर अर्ध्या शेतात प्रतिकारक वाण लावून बघा, सगळं एकदम बदलू नका. खोडकिडा असेल तर वाणावर पैसे घालू नका.

भावाला मी विचारलं, गेल्या वर्षीची धसकटं काढली का? अळी त्यातच दडून बसते. तो गप्प. धसकटं अजून तशीच उभी होती. म्हटलं आधी ती नांगर, बियाण्याचं नंतर बघू.